आठमाही पाणी आणि बारमाही ऊस

नांदेडहून लातूरकडे निघाले, की गोदावरी ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर विष्णुपुरी लागते. नदीकाठचे काळेश्वराचे पुरातन मंदिर सोडले, तर येथील बहुतेक सारे स्वातंत्र्योत्तर काळातले आहे. १९८१ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि या सर्वांना ज्याने नाव मिळवून दिले तो गोदावरीवरचा बंधारा. अठरा दरवाजांच्या या बंधाऱ्यामागे जो जलाशय साठतो, त्याला शंकर सागर म्हणतात. त्याचा उपयुक्त साठा ८०.७९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे तीन अब्ज घनफुटांहून किंचित कमी. धरणांच्या हिशेबात हा आकडा फार मोठा नव्हे. परंतु येथून पाणी पंपांनी उचलून वरच्या कालव्यांत सोडले जाते आणि नांदेड, लोहा, कंधार या तालुक्यांच्या शेतांकडे नेले जाते. एकेकाळी आशिया खंडातील सर्वांत मोठी उपसा सिंचन योजना म्हणून तिचा गौरव होत असे. नांदेड शहर पाणी पिते तेही याच जलाशयाचे.

पर्यावरण, हवामानबदल आणि शाश्वत विकास या नावांखाली आपल्या राष्ट्रीय शासनाने गेल्या पन्नास वर्षांत जे जे केले, त्याचा इतिहास दिल्लीतील कायदे व आराखडे समोर ठेवून लिहिता येतो आणि तसा तो लिहिलाही गेला आहे. आम्हांला तो या बंधाऱ्याच्या भिंतीवर उभे राहून पाहावासा वाटतो. तसे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. बदलत्या पावसाला तोंड देण्यासाठी मराठवाड्याला जो निर्णय सर्वांत अगोदर हवा होता, तो महाराष्ट्रात १९८७ सालीच घेतला गेला होता. पुढे योजनांची संख्या वाढत गेली. तो निर्णय मात्र मागे पडला आणि आज केंद्र शासनाचेच एक हवामानविषयक धोरण त्याच्या उलट दिशेने ओढते आहे.

आरंभ १९७२ पासून करावा लागतो. त्या वर्षी जून महिन्यात स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, मानवी पर्यावरणावरील पहिली जागतिक परिषद भरली. तिला पोप सहावे पॉल यांनी संदेश पाठविला होता आणि पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः उपस्थित होत्या. दारिद्र्य आणि गरज याच प्रदूषणाच्या मोठ्या कारणांपैकी नाहीत काय, या आशयाचा त्यांचा प्रश्न त्या परिषदेतून जगभर गेला. श्रीमंत देशांना निसर्गाची काळजी वाटू लागली आहे, पण आमच्या माणसांच्या पोटाचे काय, असा त्यामागचा रोख होता. परिषद आटोपली आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात पाऊस पडला नाही. त्याआधीचे वर्षही बरे गेले नव्हते. बहात्तरचा दुष्काळ असे नुसते म्हटले, की आजही मराठवाड्यातील वृद्ध माणसे खडी फोडण्याच्या कामाचे, सुकडीचे आणि अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या भाकरीचे बोलू लागतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. योगायोग असा, की परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठही १९७२ च्याच मे महिन्यात स्थापन झाले होते.

स्टॉकहोमनंतर देशात कायद्यांची मालिका सुरू झाली. १९७४ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आणि नागरिकांचेही कर्तव्य ठरले. १९८० मध्ये वनसंवर्धनाचा कायदा आला. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. ही सर्व कामे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. तथापि, मराठवाड्याच्या जीवनावर त्या दशकातील ज्या कायद्याचा ठसा उमटला, त्याच्या नावात पर्यावरण हा शब्द नाही. वि. स. पागे यांच्या चिंतनातून निघालेली रोजगार हमी योजना १९७७ साली महाराष्ट्राने कायद्यात बसविली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही कामे आणि मागेल त्याला काम हा हक्क, दोन्ही एकाच कायद्यात होते. दुष्काळाशी जुळवून घेणे म्हणजे काय, हे आपल्या शासनाला तेव्हा कोणत्याही जागतिक परिषदेने शिकविले नव्हते. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा त्याच्यासमोर हाच नमुना होता.

आपल्या ख्रिस्तसभेचाही या काळाशी संबंध आहे. मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावी जे मिशन उभे राहिले, त्याचे बहुसंख्य भाविक भूमिहीन किंवा अल्पभूधारक होते. दुष्काळ प्रथम त्यांच्याच दारी येई. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, तोही याच कोरड्या मुलखावर. कॅथोलिक आणि प्रॉटेस्टंट संस्थांनी एकत्र येऊन १९६६ साली स्थापिलेल्या ‘अफप्रो’ने महाराष्ट्रातील खडकात विंधनविहिरी घेण्याच्या कामी हातभार लावला. हँडपंपाभोवती जमलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावरचा आनंद ज्यांनी पाहिला, त्यांना त्या यंत्राविरुद्ध बोलणे जड जाते. परंतु पिण्याच्या पाण्यासाठी खडकात शिरलेले तेच यंत्र पुढे पिकांच्या पाण्यासाठी, आणि मग उसासाठी, खोल खोल जात राहिले हेही खरे आहे. याची जाणीव ज्यांना वेळीच झाली त्यांत स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाकर हे अग्रणी होते. पाणी जमिनीतून काढण्याआधी ते जमिनीत मुरविले पाहिजे, आणि ते डोंगराच्या माथ्यापासून मुरवीत आणले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. नगर जिल्ह्यात त्यांनी उभ्या केलेल्या कामातून भारत आणि जर्मनी या दोन देशांचा पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. गावाने श्रमदान करावयाचे, मोकाट चराई बंद करावयाची, मगच बाहेरचा पैसा घ्यावयाचा, अशी त्या कामाची शिस्त होती.

आता पुन्हा नदीकडे वळू. मराठवाड्याच्या पाण्याचा इतिहास शंकरराव चव्हाण यांच्या नावावाचून लिहिता येत नाही. पैठण येथे १४ जुलै १९२० रोजी जन्मलेले आणि नांदेड ही कर्मभूमी मानलेले शंकरराव राज्याचे पाटबंधारे मंत्री, दोनदा मुख्यमंत्री आणि पुढे केंद्रात गृहमंत्री झाले. जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील एका गावाचे नाव. धरण प्रत्यक्षात पैठणला झाले, पण नाव मात्र जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. त्याच्या फुगवट्याने शंभराहून अधिक गावांना झळ बसली. त्या गावांचा त्याग नांदेडच्या भाषणांतून फारसा ऐकू येत नाही. दरम्यान गोदावरी पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८० साली आला. पैठणपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राचे. त्याच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या टापूत महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट पाणी वापरावे, असे ठरले. विष्णुपुरी याच टापूत येते. नदीपात्र खोल आणि शेते उंच असल्यामुळे येथे वाहत्या कालव्यांचा उपाय नव्हता; म्हणून पाणी उचलण्याची योजना झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंधाऱ्यात पाणी अडू लागले.

पाणी उचलावयाचे तर वीज हवी. मराठवाड्याचे स्वतःचे मोठे वीज केंद्र परळीला. ते कोळशावर चालते आणि त्यालाही पाणी लागते. ते पाणी गोदावरीवरच्याच खडका बंधाऱ्यातून जाते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद पडले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. म्हणजे नदी आटली की वीज आटते आणि वीज आटली की नदीत उरलेले पाणीही शेतापर्यंत चढत नाही. हवामानबदलाच्या चर्चेत कोळसा एका प्रकरणात आणि पाणी दुसऱ्या प्रकरणात मांडण्याची पद्धत आहे. विष्णुपुरीच्या पंपगृहात ती दोन्ही प्रकरणे एकाच तारेला बांधलेली दिसतात. २०१९ साली केंद्राने मंजूर केलेली कुसुम योजना आणि त्याआधी राज्याने सुरू केलेली सौर कृषी वाहिनी योजना, या दोन्हींचा उद्देश शेतीचे पंप सूर्याच्या विजेवर आणावेत असा आहे. हा उद्देश योग्यच आहे. मात्र सूर्याची वीज फुकट मिळू लागली, की विहिरीचा तळ गाठण्याची घाईही फुकट होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

१९८७ हे वर्ष आमच्या दृष्टीने या कथेतील मुख्य वर्ष आहे. त्या वर्षी नॉर्वेच्या श्रीमती ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवाव्यात, हा तिचा मथितार्थ. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने आपले पहिले राष्ट्रीय जलधोरण स्वीकारले आणि पाण्याच्या वाटपात पिण्याच्या पाण्याला प्रथम स्थान दिले. आणि त्याच वर्षी, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र शासनाने सिंचन प्रकल्पांना आठमाही पाणीपुरवठ्याचे धोरण लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यासंबंधीचा समितीचा अहवाल १९७९ पासूनच शासनापुढे होता.

आठमाही म्हणजे काय, हे शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. पाटबंधारे खात्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे त्याचे तीन हंगाम. कालव्याचे पाणी खरीप आणि रब्बी या दोन हंगामांत, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या आठ महिन्यांत द्यावयाचे; पुढच्या चार महिन्यांच्या उन्हाळ्यात ज्याला पीक उभे ठेवावयाचे असेल, त्याने ते आपल्या विहिरीवर ठेवावे. यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई, कापूस, तूर या सर्वांना वाव आहे. वाव नाही तो कालव्याच्या भरवशावर वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाला. एका उसाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी भिजते. तेच पाणी थोड्यांच्या शेतात वर्षभर न देता पुष्कळांच्या शेतात आठ महिने द्यावे, हा त्या धोरणाचा न्याय होता. आणि उन्हाळ्यात जलाशयावर सूर्य तापत असताना बाष्पीभवनात जाणारे पाणी अगोदरच पिकाला देऊन टाकावे, हे त्यातले शहाणपण.

हे धोरण कागदावर राहिले असे म्हटले, तर ते पूर्ण सत्य होणार नाही. नव्या प्रकल्पांच्या आखणीत ते आले. परंतु लाभक्षेत्रात ऊस थांबला नाही. कालव्याच्या झिरप्यावर विहिरी भरल्या, विहिरींवर ऊस उभा राहिला, ऊस आहे म्हणून कारखाना आला आणि कारखाना आहे म्हणून उन्हाळ्यातील पाण्याची मागणी आली. कारखान्यांमागे राजकीय नेतृत्व होते आणि ते सर्व पक्षांत होते. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने पुढे हिशेब मांडला, की महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्रापैकी सुमारे ४ टक्के क्षेत्र व्यापणारा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो.

यासाठी शेतकऱ्याला दोषी धरावे, असे आम्हांला वाटत नाही. तुरीचा आधारभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेलच असे नाही. सोयाबीनचा भाव काढणीच्या तोंडावर पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारांचा मारा झाला, तेव्हा हाताशी आलेला गहू-हरभरा एका दुपारी मातीत गेला. उसाचे तसे नाही. त्याला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, ठरलेला ग्राहक आहे आणि गारा-पावसातही तो बराचसा उभा राहतो. हवामान जितके बेभरवशाचे होते, तितका शेतकरी उसाकडे वळतो आणि तो जितका उसाकडे वळतो, तितके गावाचे पाणी बेभरवशाचे होते.

१९९० च्या पहिल्या दिवशी, जागतिक शांतिदिनाच्या संदेशात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे संकट हे मुळात नैतिक संकट आहे असे प्रतिपादन केले होते. १९९२ साली रिओ येथे वसुंधरा परिषद झाली, १९९७ साली क्योटोचा करार झाला. या सर्व काळात भारताची भूमिका साधारण एकच राहिली: वातावरणात साठलेला वायू प्रामुख्याने श्रीमंत देशांनी सोडला आहे, तेव्हा भार त्यांनी प्रथम उचलावा. ही भूमिका न्याय्य आहे. केवळ नकारावर थांबता येत नाही हे ओळखून ३० जून २००८ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियाने होती: सौर ऊर्जा, ऊर्जेची कार्यक्षमता, शाश्वत नागरी वसाहती, पाणी, हिमालय, हरित भारत, शाश्वत शेती आणि ज्ञानसंवर्धन. जल अभियानाने पाणीवापराची कार्यक्षमता २० टक्क्यांनी वाढविण्याचे उद्दिष्ट ठेवले. नांदेडला त्या वर्षी गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीची तयारी चालू होती; केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून शहराचे रस्ते, घाट, नळ नवे होत होते. दिल्लीच्या आराखड्याची बातमी त्या धामधुमीत कोणाच्या लक्षात राहिली असेल असे वाटत नाही.

पुढे राज्यांनी आपापले आराखडे केले. महाराष्ट्राचा २०१४ मध्ये पुढे आला. २०१५ साली ‘प्रत्येक थेंबागणिक अधिक पीक’ हे घोषवाक्य घेऊन प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजना सुरू झाली. राज्याची जलयुक्त शिवार योजनाही त्याच सुमाराची. नाले रुंद-खोल करण्याच्या यंत्रांचा आवाज तिच्यात पाणलोटाच्या विचारापेक्षा मोठा होता, आणि २०२० साली महालेखापरीक्षकांनी तिच्यावर जे आक्षेप घेतले ते सर्वांना माहीत आहेत. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मात्र अधिक गांभीर्याने पाहण्यासारखा आहे. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्ह्यांतील सुमारे ५,००० गावे त्यात होती. नांदेड आणि लातूर त्यात आहेत. हवामानाला तोंड देऊ शकणारी शेती हे ज्याच्या नावातच लिहिले आहे, असा देशातील हा पहिल्या काही मोठ्या प्रकल्पांपैकी एक. गावाच्या शिवारात किती पाऊस पडतो, किती मुरतो, पिकांना किती लागतो, याचा ताळेबंद गावासमोर मांडण्याची पद्धत त्याने आणली. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरले, तर पावसाच्या खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जाते, हे हजारो शेतकऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. हे सारे चांगले झाले. उणीव एवढीच, की ताळेबंद मांडल्यावर तुटीच्या गावात कोणते पीक घेऊ नये हे सांगण्याचा अधिकार त्या ताळेबंदाला नाही. कित्येक ठिकाणी तर प्लॅस्टिकच्या अस्तराची शेततळी पावसाच्या पाण्याने नव्हे, विहिरीच्या उपशाने भरलेली दिसतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवावयाचे.

२०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले. सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि जे गरिबांना त्यापासून वंचित ठेवतात ते त्यांचा जगण्याचा हक्कच नाकारतात, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच लातूर शहराचे नळ कोरडे पडले. मांजरा धरण आटले होते. मार्च २०१६ मध्ये टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. ११ एप्रिल रोजी मिरजेहून दहा टाक्यांची पाण्याची रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पाच लाख लिटर पाणी घेऊन ती लातूरला पोहोचली. पुढे गाडीच्या टाक्या वाढल्या; पावसाळा लागेपर्यंतच नव्हे, त्यानंतरही ती येत राहिली. कृष्णेच्या खोऱ्यातील माणसांनी गोदावरीच्या खोऱ्यातील माणसांना पाणी दिले, याचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण ज्या मांजरा खोऱ्यातून ही टंचाई आली, त्याच खोऱ्यात त्याआधी उसाचे गाळप होत होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारताने पॅरिस कराराला संमती दिली.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा दुष्काळाच्या प्रवचनात हमखास येते. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने धान्य साठविले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश वाचविला. कथेचा पुढचा भाग प्रवचनात क्वचित येतो. धान्यासाठी लोकांनी आधी पैसा दिला, मग गुरे दिली, मग जमिनी दिल्या आणि शेवटी ते स्वतःच फारोचे दास झाले. साठा होता, त्याचे नियोजनही उत्तम होते; पण कोठाराची किल्ली एका हाती होती. मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षी पाण्याच्या बाजारात काय होते, ऊसतोडीच्या उचलीवर कोण कोठे जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा भाग अपरिचित वाटणार नाही.

आता केंद्राच्या त्या धोरणाकडे येऊ, ज्याचा उल्लेख आरंभी केला. २०१८ साली राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावे, त्यामुळे परदेशी तेलावरचा खर्च आणि धुरातील कार्बन दोन्ही कमी होतील, हा त्याचा हेतू. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट प्रथम २०३० चे होते. ते अलीकडे ओढून २०२५-२६ चे केले गेले आणि २०२५ मध्ये देशाने ते गाठलेही. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यास परवानगी आणि स्वतंत्र दर मिळाला, आसवनी उभारण्यास व्याजात सवलत मिळाली. साखरेचे भाव पडले तरी कारखाना तरेल अशी सोय झाली. दिल्लीहून पाहता ही हवामानाची योजना आहे. विष्णुपुरीहून पाहता ती उसाला मिळालेली आणखी एक हमी आहे. थेंबागणिक अधिक पीक घ्या असे एक खाते सांगते आणि सर्वाधिक थेंब पिणाऱ्या पिकाचा रस दुसरे खाते विकत घेते. २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचे ठरविले होते. २०१९ साली औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांनी तर मराठवाड्यात उसाच्या लागवडीवर बंदी घालावी अशी शिफारस शासनाकडे केली. त्या शिफारशीचे पुढे काही झाले नाही.

निसर्गाने आपले म्हणणे २०२३ मध्ये मांडले. पाऊस ओढ देऊन गेला, उसाचे पीक घटण्याची चिन्हे दिसली आणि साखरेचा भाव भडकू नये म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांत ती सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. इंधनाचा पुरवठा ज्या पावसावर अवलंबून आहे, तोच पाऊस बिघडला म्हणून तर इंधन बदलावयाचे होते! आता मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल होऊ लागले आहे, हे नमूद केले पाहिजे. मका हे काही महिन्यांत निघणारे, आठमाहीत बसणारे पीक आहे आणि ही दिशा अधिक बरी आहे. परंतु उभारलेल्या आसवन्या उभ्याच राहणार आणि त्यांना रस लागणारच.

पावसाचे वेळापत्रकच बदलत असताना नद्यांचे करार मात्र तारखांना बांधलेले आहेत. विष्णुपुरीच्या खाली, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. त्याच्याबद्दल आंध्र प्रदेशाने दाखल केलेल्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतील आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागेल, असे ठरले. ज्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळतो, त्या वर्षी बाभळी भरते. ज्या वर्षी तो ऑक्टोबरच्या आरंभीच उरकतो, त्या वर्षी पुराचे पाणी उघड्या दरवाजांतून वाहून गेलेले असते. वरच्या अंगालाही असेच. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यासाठी २००५ चा कायदा आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निर्णय लागला आणि जायकवाडीच्या खाली परभणी आणि नांदेड यांच्यातही बंधाऱ्यांच्या पाण्यावरून कुरबुरी झाल्या आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत असा पाऊस कोसळला, की हसनाळसारखी गावे पाण्याखाली गेली. माणसे दगावली, गोठ्यांत बांधलेली जनावरे दाव्याला धरून मेली. सप्टेंबरमध्ये पुराने मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांनाही गाठले. ज्या प्रदेशाची ओळख टँकरची, तेथे बचावाच्या होड्या फिरत होत्या. त्या महिन्यांत विष्णुपुरीचे दरवाजे वारंवार उघडावे लागले. अठरा दरवाजांतून गेलेल्या त्या पाण्याच्या मानाने मागे उरणारा ऐंशी दशलक्ष घनमीटरांचा साठा अगदीच लहान वाटतो. पण वर्षाचा व्यवहार त्यावरच करावयाचा असतो.

तो व्यवहार पावसाळा सरल्यावर होतो. कालवा सल्लागार समितीची बैठक भरते. नांदेड शहराचे पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवले जाते, बाष्पीभवनाची तूट वजा होते आणि उरलेल्या पाण्यातून रब्बीच्या किती पाळ्या द्यावयाच्या, उन्हाळी पाळी द्यावयाची की नाही, हे ठरते. मग शाखा कार्यालयांत पाण्याच्या मागणीचे अर्ज घेतले जातात. हा नमुना क्रमांक सातचा अर्ज एका पानाचा असतो. गट क्रमांक, क्षेत्र, मागील थकबाकी, आणि मध्ये एक रकाना पिकाच्या नावाचा. राष्ट्रीय आराखड्यातील आठ अभियानांपैकी एकही अजून त्या रकान्यापर्यंत पोहोचलेले नाही. तो दर वर्षी शेतकरी स्वतःच भरतो, आणि उसाला हमी आहे तोवर त्यात काय लिहिले जाईल हे अर्ज घेणाऱ्या कारकुनालाही अगोदरच ठाऊक असते.